‘ऊट आयता?’च्या पुढे

प्रिय डॉक्टर,

(तुला ‘अहो’ म्हणायला अजून जीभ वळत नाही, तेव्हा ‘तू’च.)

जीवनशैली-वैद्यकाचे (आहार, व्यायाम, झोप सुधारून आजार सांभाळायचं शास्त्र) तास तुझ्याकडे आले आणि स्लाइड्स मागितल्यास. नाही देणार. मुलांना ओपीडीत ने, पेशंटचा कालचा दिवस लिहून आणायला सांग: कधी उठला, काय खाल्लं, रांधलं कोणी, किती झोपला. आपल्या सीमाभागात कुणी भेटलं की कन्नडात ‘ऊट आयता?’ नाहीतर मराठीत ‘जेवलासा काय?’ हे आधी. केसपेपरवर मात्र जेवणाला एकच शब्द, ‘मिश्राहार’. बाहेरच्या राज्यांतल्या पोरांसोबत मराठी-कन्नड दोन्ही येणारी सिस्टर दे, नाहीतर तेवढाही मिळायचा नाही.

निपाणीकडची एक विडी कामगार शुगरसाठी यायची. माझ्या विद्यार्थ्यानं तिला रोज अर्धा तास चालायला सांगितलं. ती म्हणाली, “आणि माझ्या हजार विड्या तुम्ही वळतासा काय?” पोरं हसली. मला हसू आलं नाही, ‘रोज अर्धा तास चाला’ हे वाक्य मीच शिकवलेलं. मग खाली बसून विचारलं. मांडीवर सूप, दिवसभर एकच बैठक, मजुरी हजार विड्यांमागे. उठलं की पैसे बुडाले. शेवटी तोड तिनंच काढली: शंभर झाल्या की उठून पाणी प्यायचं, आणि विड्या द्यायला जाताना रिक्षा नाही. अर्धा तास भरला नाही, पण तिनं ते सोडलंही नाही. त्याआधी खानापूरकडच्या एका शेतकऱ्याला मी ‘भात बंद’ म्हणालो होतो. घरचा भात पिकवणारा माणूस. पुन्हा फिरकला नाही.

आकडेही सांग. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवरच्या अमेरिकी चाचणीत (2002) आहार-व्यायामानं मधुमेहाचा धोका 58 टक्के घटला, मेटफॉर्मिनच्या गोळीनं 31. आपल्या भारतीय चाचणीत (2006) हेच आकडे 28.5 आणि 26.4. असं का, यावर तासभर भांडू दे त्यांना. उत्तर लगेच देऊ नकोस.

आणि पोरांनी आठवडाभर स्वतःचं मीठ मोजावं. मर्यादा दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. मेसचं लोणचं, पापड, रात्री अकराची मॅगी धरून. तिसऱ्या दिवशी निम्मी पोरं वही लपवतील. रागावू नकोस, पेशंट खोटं का सांगतात ते त्यांना तिथेच कळेल.

वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, जीवनशैली-वैद्यकाचे सहा खांब (आहार, व्यायाम, झोप, ताण, व्यसनं टाळणं, नाती) पाठ म्हणवून घेऊ नकोस. ‘तुझा पेशंट काल रात्री काय जेवला?’ एवढंच विचार, आणि मार्क तिथे दे.

तुझा,
सर