६ महिन्यांत १०० किलोचा स्क्वॉट हे ध्येय अवास्तव आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शरीराचं वजन ८० किलो, जिम सुरू करून ४ महिने झाले, आठवड्यातून दोनदा स्क्वॉट (खांद्यावर वजनाचा बार घेऊन खाली बसून उठणं; अशी एक उठबस म्हणजे एक बैठक). गेले ३ आठवडे ६० किलोच्या ५ बैठकांवर गाडी अडली आहे. ६ महिन्यांत १०० किलोची एक बैठक मारायची आहे, शिवाय त्याच काळात ८ किलो वजनही उतरवायचं आहे.

१०० किलो अवास्तव नाही. अडचण दुसऱ्या ध्येयाची आहे, तिच्याकडे नंतर येतो. आधी हिशोब करू. (६० मध्ये बारचे २० किलो धरलेत ना? अनेक जण फक्त प्लेट्स मोजतात. शिवाय प्रत्येक जिममधला बार २० किलोचाच असतो असंही नाही, तेव्हा एकदा काट्यावर ठेवून बघा.)

एका बैठकीत जास्तीत जास्त किती उचलता येईल याचा अंदाज काढायला सोपं सूत्र आहे: वजन गुणिले बैठका, भागिले ३०, आणि येईल ते मूळ वजनात मिळवायचं. ६० × ५ ÷ ३० = १०, म्हणजे आज तुमची कमाल साधारण ७० किलो. हेच सूत्र उलटं लावलं की १०० साठी काय लागेल ते कळतं. ८० किलोच्या ८ बैठका म्हणजे साधारण १०१. त्यामुळे वहीत ‘१०० किलो’ लिहू नका, ‘८० किलो, ८ बैठका’ लिहा. त्या आकड्याकडे तुम्ही दर आठवड्याला थोडे सरकू शकता. १०० किलोवर तसं रोज काही करता येत नाही. दहापेक्षा जास्त बैठकांना मात्र हे सूत्र लावू नका, तिथे अंदाज फार भरकटतो.

आता तुम्ही का अडकलात ते बघू. मला पहिला संशय प्लेट्सवर आहे. दोन्ही बाजूंना २.५ किलोची प्लेट चढवली की वाढ २.५ नव्हे, ५ किलोंची होते. ६० वर ५ म्हणजे ८ टक्क्यांहून जास्त, एका उडीत. १.२५ च्या प्लेट्स शोधा, बहुधा रॅकच्या तळाशी धूळ खात पडलेल्या असतात. दुसरा संशय: प्रत्येक सेट (न थांबता सलग मारलेल्या बैठका) दम संपेपर्यंत ओढत असाल. तसं केलं की पहिला सेट ५ चा, दुसरा ४ चा, तिसरा ३ चा होतो आणि एकूण काम कमीच भरतं. ‘अजून एक-दोन बैठका निघाल्या असत्या’ असं वाटतानाच थांबायचं. खूण अशी की वर येण्याचा वेग स्पष्ट मंदावला की सेट संपला. दोन सेटमध्ये पूर्ण ३ मिनिटं विश्रांती, घड्याळ लावून. मिनिटभरात श्वास जागेवर येतो, पाय येत नाहीत.

आणि बैठकीची खोली. वजन वाढतं तसतशी बैठक नकळत उथळ होत जाते, मग वहीतले आकडे खोटे बोलू लागतात. दर आठवड्याला एका सेटचा बाजूने व्हिडिओ घ्या. मांडी आणि पोटाच्या मधली घडी गुडघ्याच्या वरच्या टोकापेक्षा खाली गेली तरच ती बैठक मोजायची.

पुढचा आराखडा असा. ५५ किलोवर परत या. ३ सेट, प्रत्येकी ६ बैठका. पुढच्या वेळी जिथे जमेल तिथे एक-एक वाढवा. तिन्ही सेट ८-८ झाले की २.५ किलो चढवून पुन्हा ६ वर. ५५ ते ८० म्हणजे १० पायऱ्या. सुरुवातीच्या पायऱ्या आठवड्यात सुटतील, ७० च्या पुढे दोन-तीन आठवडेही लागतील. सरासरी दोन धरली तर २० आठवडे. स्क्वॉटच्या सलग तीन दिवशी एकाही सेटमध्ये एकही बैठक वाढली नाही, तर १० टक्के वजन उतरवा आणि पुन्हा चढत या. याला अपयश समजू नका, आराखड्यात हे दोनदा तरी धरूनच चला.

आता ते ८ किलो. खाणं कमी करून वजन उतरवताना ताकद वाढवणं नवशिक्याला काही काळ जमतं, पण ७० किलोच्या पुढे तुमचा स्क्वॉट तिथेच रुतेल आणि तुम्ही दोष व्यायामाला द्याल. माझं मत स्पष्ट आहे: हे ६ महिने स्क्वॉटला द्या, शरीराचं वजन आहे तिथे राहू द्या, प्रथिनं दिवसाला साधारण १३० ग्रॅम ठेवा. वजन नंतर उतरवा, आठवड्याला ४०० ग्रॅमच्या बेताने. तेव्हा मिळवलेली ताकद टिकवायला स्क्वॉट सुरूच ठेवायचा, फक्त सेट थोडे कमी. दोन्ही आत्ताच हवं असेल, तर १०० ची तारीख पुढे ढकला.

८० वर ८ झाले की एक आठवडा हलका घ्या. मग चार आठवडे वजन जास्त, बैठका कमी: ८५ च्या ३, ८७.५ च्या ३, ९० च्या २, ९२.५ च्या २. नुसत्या ८-८ बैठका मारून थेट १०० खांद्यावर घेतले, तर पायात ताकद असूनही बार उचलून मागे पाऊल टाकतानाच घाबरायला होतं.

चाचणीच्या दिवशी सेफ्टी पिन (उठता आलं नाही तर बार झेलणाऱ्या रॅकच्या आडव्या दांड्या) तुमच्या सर्वांत खालच्या स्थितीतल्या बारपेक्षा दोन-तीन बोटं खाली लावा आणि रिकाम्या बारने बसून तपासा. क्रम: रिकामा बार, ५० च्या ५, ७० च्या ३, ८० ची १, ९० ची १, मग ९५ ची १. शेवटच्या तीन टप्प्यांमध्ये ४-५ मिनिटं थांबा. ९५ झरकन वर आले तर १०० चढवा. अडखळत आले तर त्या दिवशी ९७.५ घ्या आणि १०० साठी दहा दिवसांनी या.