पॅरामेडिक व्हायचंय? फी भरण्याआधी हे वाच

बारावी सायन्स झाली, नीटमध्ये जमलं नाही, वडील म्हणतात डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) कर आणि तुला ॲम्ब्युलन्सवर काम करायचंय. ‘पॅरामेडिकल’ म्हणजे तेच का, आणि मुलीला हे झेपेल का, असं तू विचारलंयस. मी अकरा वर्षं हेच काम करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या मराठवाड्यात पॅरामेडिकल म्हटलं की लोकांना लॅब आणि एक्स-रे आठवतो. डीएमएलटी चांगला कोर्स आहे, पण तो करून तू प्रयोगशाळेत जाशील, गाडीवर नाही. तुला हवं ते ‘इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट (पॅरामेडिक)’. 2021 च्या केंद्रीय कायद्याच्या यादीत या व्यवसायाचं नाव स्वतंत्रपणे आहे. त्याच कायद्यात या क्षेत्रातला डिप्लोमा किंवा पदवी किमान 2000 तासांची हवी, आणि ‘हेल्थकेअर प्रोफेशनल’ म्हणवून घ्यायला किमान 3600 तासांची पदवी हवी, असं लिहिलंय. कुणी तीन महिन्यांत ‘सरकारमान्य पॅरामेडिक’ करून देतो म्हणाला, तर हे आकडे त्याच्यासमोर ठेव. माझ्या मावसबहिणीचे असेच साठ हजार गेले. अख्ख्या कोर्समध्ये तिनं एकदाही खरा पेशंट पाहिला नाही.

आणखी एक गोष्ट वडिलांना आधीच सांग. आपल्याकडे 2014 पासून 108 च्या गाडीवर डॉक्टर असतो, बहुतेक वेळा बीएएमएस झालेला, आणि सोबत पायलट, म्हणजे ड्रायव्हर. त्यामुळे तुझी पहिली नोकरी बहुधा खाजगी दवाखान्याच्या कार्डियाक ॲम्ब्युलन्सवर, कॅज्युअल्टीत (दवाखान्याच्या तातडीच्या विभागात) किंवा कारखान्यात लागेल. सुरुवातीचा पगार कमी असतो, हेही खरं आहे.

आता काम काय असतं ते सांगते. आषाढातली रात्र होती. शेतातल्या आखाड्यावर खाली जमिनीवर झोपलेला विशीतला पोरगा, पहाटे पोटात कळ येते म्हणून उठला. मण्यार चावली की पुष्कळदा ना सूज येते ना आग होते, त्यामुळे घरच्यांना साप सुचलाच नाही. पापण्या जड झाल्या तेव्हा त्याला मारुतीच्या पारावर नेलं, लिंबाचा पाला चारला. त्यात दोन तास गेले. दवाखान्यात सापाच्या विषावरचं इंजेक्शन सुरू झालं, पण तोवर श्वासाचे स्नायू लुळे पडले होते. डॉक्टरांनी श्वासनलिकेत नळी टाकली आणि आम्ही केजच्या बाजूनं अंबाजोगाईकडे निघालो. वाटेत गाडीतलं व्हेंटिलेटर बंद पडलं. बॅटरी संपली होती.

मग अंबू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी. दर सहा सेकंदांनी एकदा दाबायची, छाती उचलली की सोडायची. घाईत भराभर दाबावंसं वाटतं, तेच टाळायचं. एक डोळा नळीवर, ती किती सेंटिमीटर आत आहे ते दाखवणारा 22 चा आकडा ओठापाशी होता. खड्ड्यात गाडी आदळली की आधी तो आकडा बघायचा, कारण नळी सरकली तर सगळंच गेलं. पाऊण तासात साडेचारशेच्या आसपास वेळा बॅग दाबली असेल. त्या पोराला सगळं ऐकू येत होतं, फक्त डोळे उघडता येत नव्हते. म्हणून मी त्याला सारखं सांगत होते, “बाळा, श्वास मी देतेय, तू घाबरू नको.” चौथ्या दिवशी त्यानं स्वतः श्वास घेतला. त्याची माय माझे हात धरून रडली.

ती बॅटरी ड्युटीच्या सुरुवातीला तपासायचं काम माझं होतं. त्या दिवशी मी दिवा हिरवा बघितला आणि पुढं गेले. तेव्हापासून प्लग काढून व्हेंटिलेटर पाच मिनिटं चालवून बघते. ऑक्सिजनचा काटा, घशातली घाण ओढणारं सक्शन, नळी टाकताना घसा बघायच्या लॅरिंगोस्कोपचा बल्बही रोज स्वतः तपासते.

म्हणून कॉलेज निवडताना इमारत बघू नकोस. कॅज्युअल्टीत किती तास उभं करतात, नळी आणि सीपीआर पुतळ्यावर किती वेळा करून घेतात, गाडीवर पाठवतात का, हे तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून विचार.

मुलीला झेपतं. स्ट्रेचर उचलताना कंबरेतून वाकायचं नाही, गुडघ्यातून बसायचं, हे शिकवतात. रात्रपाळीची काळजी वडिलांना वाटणारच. बायको अवघडलेली असली की घरचे गाडीत डोकावून आधी विचारतात, “बाईमाणूस आहे का आत?” हे त्यांना सांग. घाटीत (संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात) किंवा अंबाजोगाईच्या दवाखान्यात कुणी ओळखीचं असेल तर परवानगी काढून एक रात्र कॅज्युअल्टीच्या बाकावर बसून ये, जमलं तर वडिलांनाही सोबत ने. फी त्यानंतर भर.