नवा पीसी जोडला, पण बटण दाबल्यावर काहीच होत नाही. मदरबोर्ड खरंच उडाला असेल का?

बहुधा नाही. तुम्ही लिहिलंय की एसएमपीएसचा, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, मागचा स्विच चालू केला की मदरबोर्डवरचा बारीक लाइट लागतो, पण कॅबिनेटचं बटण दाबल्यावर एकही पंखा हलत नाही, आणि दुकानदार फोनवरच "बोर्ड उडाला, सील फोडलंय, परत घेणार नाही" म्हणाला. त्याने काही न बघता निदान केलंय, ते तूर्त बाजूला ठेवा. लाइट लागतोय म्हणजे एसएमपीएसचा ५ व्होल्टचा स्टँडबाय, म्हणजे पीसी बंद असतानाही चालू राहणारा, पुरवठा बोर्डापर्यंत पोचतोय. भिंतीवरचं सॉकेट, पॉवर कॉर्ड, मागचा स्विच, हे सगळं ठीक आहे. एक्सटेन्शन बोर्ड बदलत बसू नका.

रॅमलाही आता हात लावू नका. रॅम नीट बसली नसेल तर पंखे फिरतात, दिवे लागतात, फक्त स्क्रीनवर काही येत नाही. तुमची तक्रार ती नाहीच. खोडरबराने रॅम घासायचा सल्ला कुणीही कुणालाही देतो. तो जुन्या, काळपट पडलेल्या पट्टीसाठी ठीक आहे. नव्याकोऱ्या रॅमवर घासलात तर रबराचा चुरा स्लॉटमध्ये जाण्यापलीकडे काही होत नाही.

आता बटणाकडे या. कॅबिनेटचं बटण पीसीला वीज देत नाही. डोअरबेलसारखं ते क्षणभर दोन तारा जोडतं, बस्स. तो इशारा मिळाला की बोर्ड एसएमपीएसकडून येणाऱ्या २४ पिनच्या कनेक्टरमधली पीएस-ऑन नावाची हिरवी तार जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, खेचतो आणि मग एसएमपीएस १२ व्होल्ट सोडतो. बटण, त्याची बारीक वायर, बोर्डवरच्या दोन पिना यांतलं काहीही चुकलं तरी लक्षण हेच दिसणार, जे तुम्हाला दिसतंय. त्यामुळे माझा पहिला संशय तिथेच.

बोर्डच्या खालच्या कडेला पिनांचा एक छोटा गठ्ठा असतो, सहसा त्यावर एफ-पॅनल असं छापलेलं असतं. मॅन्युअलमधलं चित्र समोर ठेवूनच तो बघा, अंदाजाने नको. पॉवर स्विचची वायर तिथे एक घर सरकून बसणं फार सोपं आहे. अक्षरं मुंगीएवढी आणि वर केबलची सावली. स्विचला प्लस-मायनस नसतं, उलटी लावली तरी चालते. प्लस-मायनस फक्त एलईडीच्या वायरला बघायचं.

जागा बरोबर असूनही काही होत नसेल तर ती वायर काढा आणि त्याच दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. शेजारच्या पिनेला लागू देऊ नका. पीसी सुरू झाला तर बोर्ड शाबूत आहे, कॅबिनेटचं बटण खराब आहे. स्वस्त कॅबिनेटमध्ये हे नेहमीचं. अशा वेळी रीसेट बटणाची वायर पॉवरच्या पिनांवर लावून टाका. रीसेट तसंही कोण वापरतं!

पिना जोडूनही शांतताच असेल तर दोन मोठे कनेक्टर बघा. २४ पिनवाला नव्या बोर्डवर फार घट्ट जातो. अर्धवट बसला तरी स्टँडबायचा लाइट लागू शकतो, म्हणून लाइटवर विसंबू नका. क्लिप अडकल्याचा आवाज यायला हवा. दुसरा प्रोसेसरजवळचा ८ पिनचा. एसएमपीएसमधून येणारी ४+४ अशी दुभागणारी वायर प्रोसेसरची आणि ६+२ वाली ग्राफिक्स कार्डाची. दोन्हीत १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या बाजू उलट असतात. आकार वेगळा असल्याने एकाच्या जागी दुसरी सहज जात नाही, पण जोर लावून बसवलेली मी पाहिली आहे. तुमचा एसएमपीएस मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबल लावायचा, असेल तर जुन्या एसएमपीएसच्या केबल त्याला लावू नका. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना प्रत्येकाची वेगळी असते, आणि तिथे चुकलात तर मात्र बोर्ड खरोखर उडेल.

तुमच्या बाबतीत आणखी एक शक्यता आहे. मायक्रो-एटीएक्स, म्हणजे छोट्या मापाचा, बोर्ड मोठ्या एटीएक्स कॅबिनेटमध्ये बसवलाय, असं तुम्ही म्हणता. कॅबिनेटमध्ये आधीपासून पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड उचलून धरणारे छोटे खांब, बसवलेले असतात, आणि तुमच्या बोर्डाला जिथे भोकच नाही तिथेही एखादा राहून जातो. तो बोर्डच्या मागच्या सोल्डरला टेकला की शॉर्ट. एसएमपीएसला शॉर्ट जाणवला की तो स्वतःला बंद करून घेतो आणि पुढे बटणाला दाद देत नाही. पंखा किंचित हलून थांबत असेल तर याचा संशय आणखी पक्का. दर वेळी मागचा स्विच बंद करून अर्धा मिनिट थांबा, मगच पुन्हा प्रयत्न करा.

खात्री करायची तर प्लग काढून बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर घ्या आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. बोर्ड ज्यात येतो त्या चंदेरी पिशवीवर नको, तिचा बाहेरचा थर वीज वाहू शकतो. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, २४ पिन, ८ पिन, एवढंच जोडा आणि त्या दोन पिना टेकवा. तुमच्या रायझेन ५ ५६०० मध्ये अंगचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे स्क्रीनची वाट बघू नका. कूलरचा पंखा फिरत राहिला की पुरे. बाहेर चालतो आणि आत चालत नाही, तर दोष कॅबिनेटमध्ये आहे.

बाहेरही चालत नसेल तर एसएमपीएसची पाळी. २४ पिनचा कनेक्टर बोर्डवरून काढून हिरवी तार आणि कोणतीही काळी तार पेपरक्लिपने जोडतात, ही चाचणी तुम्ही ऐकली असेल. ती करताना आधी मागचा स्विच बंद, मग क्लिप, मग स्विच चालू. काही एसएमपीएसचा पंखा कमी लोडवर फिरतच नाही, म्हणून एखादा कॅबिनेटचा पंखा जोडून ठेवा. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस सुरू होतो एवढंच कळलं. व्होल्टेज बरोबर आहे की नाही ते मल्टिमीटर सांगेल. पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट हवेत. सगळ्या तारा काळ्या असतील तर हा खेळ करू नका, मित्राचा चालता एसएमपीएस आणून लावा. आणि एसएमपीएस उघडायचा तर अजिबात नाही. २३० व्होल्टच्या लाइनवर त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठा असतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

दुसऱ्या एसएमपीएसवरही बोर्ड खोक्यावर मुकाच राहिला, तर मी दुकानदाराचं म्हणणं मान्य करेन. तेव्हाही दुकानात वाद घालू नका. बोर्डची वॉरंटी सहसा कंपनीची असते. बिल आणि सीरियल नंबरचं स्टिकर असलेलं खोकं घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. देण्याआधी बोर्डचे सगळ्या बाजूंनी आणि प्रोसेसरच्या सॉकेटचे जवळून फोटो काढून ठेवा, कारण ओरखडा किंवा जळाल्याची खूण दिसली की ते "फिजिकल डॅमेज" म्हणून परत पाठवतात.

पीसी सुरू झाला आणि स्क्रीन काळीच राहिली, तर आधी मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात आहे ना ते बघा. या प्रोसेसरवर बोर्डच्या पोर्टमधून काहीच दिसणार नाही. ती बरोबर असेल तर बोर्डचा बायोस, म्हणजे बोर्डवरचं सुरुवातीचं सॉफ्टवेअर, या प्रोसेसरपेक्षा जुना आहे का ते तपासा. बी४५० या जुन्या चिपसेटच्या बोर्डवर तसं होतं.