पडलेली बाभूळ जळणाला घालू नका

बांधावरची जुनी बाभूळ वादळात पडली, बुंधा कवेत जेमतेम मावेल एवढा आहे, जळणाला द्यावी की काही करता येईल, असं तुम्ही विचारलंय. फांद्या खुशाल चुलीला घाला, पण बुंधा राखून ठेवा. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकाचा तुंबा (मधला गड्डा), आरे, पाटे (कडेचे गोलाकार तुकडे) बाभळीचेच असायचे, कारण खड्ड्यातला हिसका सोसायला तिच्यासारखं चिवट लाकूड नाही. सुकलेलं सागवान घनमीटरला साधारण 650 किलो भरतं, बाभूळ 800 च्या पुढे जाते.

याच आठवड्यात साल काढून घ्या, तिच्याखाली भुंगा लवकर शिरतो. साल टाकू नका, कोल्हापुरी चपलांचं कातडं कमवायला ती लागते. कापलेल्या टोकांना जाड ऑइलपेंट फासा, नाहीतर टोकं तडकतात. मग फळ्या पाडून, मध्ये पट्ट्या घालून सावलीत रचा. इंचभर जाडीला एक वर्ष धरा. जुने सुतार ओंडका काही महिने ओढ्यात किंवा विहिरीत बुडवून ठेवत. त्याने आतला रस धुऊन जातो आणि किडीला खायला फारसं उरत नाही.

माझा पहिला कुदळीचा दांडा ओल्या बाभळीचा होता. पंधरा दिवसांत तो आटला आणि कुदळ डोलायला लागली. मी पाचरीवर पाचर ठोकत राहिलो. वर अर्धा दांडा बाहेरच्या पांढऱ्या लाकडाचा. पावसाळ्यात कोपऱ्यात उभा केला तर खाली किडीने पाडलेलं पिवळसर पीठ सांडलेलं! तेव्हापासून पांढरं लाकूड मी तासून टाकतो. आतलं नवं कापलेलं गुलाबीसर दिसतं, पुढे तांबूस-काळपट होतं, तेवढंच वापरा.

दांड्यासाठी फळी कापू नका, सरळ रेषेचा तुकडा पाचरीने फाडा म्हणजे धागा टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतो. मोगरी (लाकडी हातोडा), पटाशीची मूठ, लाटणं यांना बाभूळ उत्तम. दारं किंवा रुंद टेबलाच्या नादी लागू नका, जड होतं आणि बाभळीत सरळ लांबी क्वचितच मिळते.

रंध्याचं पातं वस्तऱ्यासारखं हवं आणि छिलका अगदी पातळ काढा, कारण धागा आडवातिडवा असल्याने जोर लावला की लाकूड उचकटतं. खिळ्याला आधी भोक पाडून घ्या. तुमच्या बुंध्याचा सरळ भाग किती फूट आहे ते कळवा, त्यावरून किती जाडीच्या फळ्या पाडायच्या ते सांगतो.