बुडवल्याने जीव वाचतो का?

प्रश्न : आम्ही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रे रंगवून फाशांवर खेळायच्या खेळाची ३.५ आवृत्ती खेळतो आणि डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवून नियमांचा निवाडा करणारा, मी असतो. मागच्या खेपेस एक पात्र उणे सात हिट पॉइंटांवर (म्हणजे जीव किती उरला ते मोजणाऱ्या गुणांवर) मरणासन्न असताना सोबत्याने त्याचे डोके बादलीतल्या पाण्यात दाबले. बुडणारे पात्र पहिल्या फेरीत बेशुद्ध होऊन शून्यावर येते असा नियम असल्यामुळे उणे सातचे शून्य झाले, असा त्याचा दावा आहे. छापील नियम मी नाकारू शकतो का?

उत्तर : अवश्य नाकारा. ही पळवाट जुनी आहे आणि शब्दशः वाचले तर ती निघते, हे मान्य करायला हवे. पण शुद्धीवर असलेला, धडधाकट माणूस पाण्याखाली श्वास रोखून धरतो आणि शेवटी हरतो, त्याच्यासाठी तो नियम लिहिलेला आहे. तिथले शून्य हा त्याच्या घसरणीचा पहिला टप्पा आहे, पुढच्या फेरीत तो उणे एकवर जातो आणि तिसऱ्या फेरीत मरतो. जो आधीच त्या शून्याच्या खाली पडला आहे, त्याला घसरण वर कशी नेईल?

शिवाय पळवाटेने तुमच्या गटाचे काय हिरावले ते पाहा. उणे सातवरचे पात्र दर फेरीला एक पॉइंट गमावते, आपोआप स्थिर होण्याची शक्यता दर फेरीला अवघी दहा टक्के असते आणि उणे दहाला सारे संपते. म्हणजे सोबत्याच्या हाती दोन-तीन फेऱ्या होत्या. त्यात शत्रूकडे पाठ फिरवून, जखमीशेजारी गुडघे टेकून, प्रथमोपचारासाठी फासा टाकायचा आणि कौशल्य धरून बेरीज पंधरा भरते का हे सगळ्यांनी श्वास रोखून पाहायचे, हा प्रसंग मला त्या बादलीपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

सगळ्याच युक्त्या मात्र मोडीत काढू नका. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत ‘रिव्हिव्हिफाय’ हा मेलेल्याला जिवंत करणारा मंत्र मृत्यूनंतर एका मिनिटाच्या आतच चालतो. त्या मिनिटात कोणी प्रेतावर ‘जेंटल रिपोज’ हा प्रेत टिकवणारा मंत्र टाकून मुदत थांबवली, तर मी ते आनंदाने मान्य करतो. मुदत लांबवणे हे त्या मंत्राच्या वर्णनातच आहे, आणि तीनशे सुवर्णनाण्यांचा हिरा तरीही खर्ची पडतोच. तुमच्या खेळाडूला हा फरक पुढच्या बैठकीआधी, खेळ सुरू नसताना, शांतपणे सांगा. उणे सातवरच्या त्या पात्राचा निकाल मात्र बादली वगळून, त्याच फेरीपासून पुन्हा खेळून लावा.