नवं बिल सेव्ह होईना, 'डुप्लिकेट की' येते: सीक्वेन्स मागे राहिलाय

भाऊ, इतवारीतल्या दुकानाची 4,812 जुनी बिलं तुम्ही सीएसव्ही फाइलीतून आयडीसकट पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये चढवली आणि आता नवं बिल 'हा आयडी आधीच आहे' म्हणून अडतंय. टेबल धडधाकट आहे. एररखालची डिटेलची ओळ वाचा: आधी आयडी 1, परत दाबलं की 2, मग 3. नवा आयडी सीक्वेन्स देतो, म्हणजे ओळीने पुढचा नंबर काढून देणारी पोस्टग्रेसची सोय. आयडी हाताने दिला की तो नंबर मागणारं नेक्स्टव्हॅल फंक्शन चालतच नाही, म्हणून सीक्वेन्स सुरुवातीलाच उभा राहिला. इन्सर्ट फसला तरी एकदा दिलेला नंबर तो परत घेत नाही, म्हणून दर वेळी एक पुढे. 4,812 वेळा बटण दाबलं तर आपोआप सुटेल, पण गिऱ्हाईक थांबेल का? मायएसक्यूएलची सवय असलेले हमखास इथे फसतात. तिथे मोठा आयडी टाकला की काउंटर स्वतःच सरकतो.

आधी पीजी_गेट_सिरियल_सीक्वेन्सला टेबल आणि कॉलमचं नाव देऊन सीक्वेन्सचं खरं नाव काढा. अंदाजाने लिहू नका, टेबलचं नाव बदललं तरी सीक्वेन्सचं जुनंच राहतं. नल (रिकामं उत्तर) आलं तर कॉलमचा डिफॉल्ट बघा. मग ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्कं किंवा रद्द होणारं काम) उघडून टेबलला एक्सक्लुझिव्ह लॉक लावा, सीक्वेन्सचा आकडा बदलणाऱ्या सेटव्हॅल फंक्शनमध्ये मॅक्स, म्हणजे टेबलमधला सर्वांत मोठा आयडी द्या, कमिट करून पक्कं करा. लॉक नसेल तर मॅक्स काढेपर्यंत दुकानातल्या दुसऱ्या काउंटरवरून बिल घुसतं.

सेटव्हॅलचा तिसरा पॅरामीटर जपून. ट्रू (किंवा काहीच न देता) पुढचा नंबर 4813. फॉल्स दिलं तर पुन्हा 4812 आणि तीच एरर. टेबल रिकामं असेल तर मॅक्स नल येतो आणि सेटव्हॅल गुपचूप काहीच करत नाही. स्क्रिप्टमध्ये कोअलेस (नल आलं तर दुसरा आकडा देणारं फंक्शन) लावून मॅक्स नाहीतर 0, त्यात 1 मिळवून फॉल्स द्या, रिकामं असो वा भरलेलं, दोन्ही टेबलांत चालतं.

तपासायला करव्हॅल (त्याच सेशनमध्ये दिलेला शेवटचा नंबर सांगणारं फंक्शन) नको, नव्या सेशनमध्ये ते एररच देतं. सीक्वेन्सवरच सिलेक्ट मारा, लास्ट_व्हॅल्यू (शेवटचा आकडा) आणि इज_कॉल्ड (तो वापरला गेला का) दिसतील.

आणि राजेहो, हाच आयडी बिल नंबर म्हणून छापत असाल तर थांबा. जीएसटीच्या नियम 46 प्रमाणे बिलाचे नंबर सलग लागतात. सीक्वेन्समध्ये खंड पडणारच: रोलबॅकने (ट्रान्झॅक्शन रद्द झालं की) पडतो, ऑन कॉन्फ्लिक्टने (डुप्लिकेट आलं तर काय करायचं ते सांगणारा इन्सर्ट) पडतो, सर्व्हर अचानक बंद पडला तर 32 पर्यंत उडी जाते. बिल नंबरासाठी आर्थिक वर्षागणिक एक ओळ असलेलं वेगळं टेबल ठेवा आणि बिलाच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये अपडेट-रिटर्निंगने (आकडा बदलून नवा आकडा लगेच परत देणारी कमांड) 1 वाढवा. दुसरा काउंटर क्षणभर थांबेल, एवढंच.

पोस्टग्रेस 10 पासून 'जनरेटेड ऑल्वेज' आयडेंटिटी कॉलम (आयडी स्वतःच देणारा) मिळतो. हाताने आयडी दिलेला साधा इन्सर्ट तो अडवतो. फाइल थेट टेबलात चढवणाऱ्या कॉपी कमांडला मात्र अडवत नाही, म्हणून पुढची सीएसव्ही चढवली की सेटव्हॅल पुन्हा चालवाच.