बारावी आर्ट्सनंतर सायकॉलॉजी घेतलंय, गणिताची भीती वाटते. स्टॅटिस्टिक्सची सुरुवात कुठून करू?

लागतं ते बहुतेक दहावीचंच गणित. आठवडाभर दादर-ठाणे लोकलला किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा आणि सरासरी, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरलेत ते) हाताने काढा. एक्सेल नंतर.

मग झेड-स्कोअर, म्हणजे एखादा आकडा सरासरीपासून किती विचलनं वर किंवा खाली आहे ते. वेक्सलर बुद्धिमापन चाचणीत सरासरी १००, विचलन १५. म्हणजे १३० गुण दोन विचलनं वर, आणि त्याच्याही वर जेमतेम २ टक्के लोक. हे डोक्यात बसलं की पुढचं बरंच सोपं जातं.

पी-व्हॅल्यूला मात्र वेळ द्या (तोंडी परीक्षेत हमखास विचारतात). ०.०३ म्हणजे शून्य परिकल्पना (गटांमध्ये खरा फरक नाहीच, हे गृहीतक) खरी असण्याची शक्यता ३ टक्के, असं नव्हे. ती खरी धरली, तर एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता ३ टक्के.

सूत्रं पाठ करत बसू नका.